न पाहिलेल्या दरीत परत

ज्या जागी आपण आयुष्यात कधी पाऊल ठेवलं नाही, तिथे ‘परत’ जायचा योग फार थोड्यांच्या नशिबी येतो. माझ्या आला, तोही बहात्तराव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून.

जागेचं नाव वादी दीसा. सौदी अरेबियाच्या वायव्य कोपऱ्यात तबूक नावाचं शहर आहे, तिथून गाडीने तीनेक तास. दोन्ही बाजूंना तांबड्या दगडाचे उभे कडे, मधून झऱ्याचं पाणी, काठाने खजुरी आणि डोक्यापेक्षा उंच बोरू. हल्ली वाटाड्याबरोबर तिथे दोन-तीन दिवसांच्या पायी सहली निघतात. पाण्यातून चालायचं, तंबूत राहायचं, फोनला रेंज नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला जमलं तर जरूर जा. दरीत काही खोट नाही. खोट होती ती मी इथून घेऊन गेले.

चाळीस वर्षांपूर्वी मी तबूकच्या एका सरकारी इस्पितळात नर्स होते. नवरा गेलेला, मुलगी वैशाली पाच वर्षांची. तिला दाभोळच्या खाडीकाठी माझ्या थोरल्या बहिणीकडे ठेवलं आणि विमानात बसले. सहा वर्षं राहिले, मधे दोनदा रजेवर आले. त्या सहा वर्षांत इस्पितळ, हॉस्टेल आणि आठवड्यातून एकदा दोन तास बाजार, यापलीकडे मी तबूक पाहिलं नाही. बाजारालाही बसमधून न्यायचे आणि डोकी मोजून परत आणायचे. खुराड्यातल्या कोंबड्यांना निदान आरवणारा एक कोंबडा तरी असतो.

घरी बोलायचं तर फोन महाग, आणि वैशूला पत्र वाचता येत नव्हतं. म्हणून आम्ही सगळ्याच जणी कॅसेटवर बोलायचो आणि रजेवर निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेत ती कोंबायचो. पहिल्या कॅसेटमध्ये मी अर्धा तास रडले. बहिणीचं पत्र आलं, ‘पोर दोन दिवस जेवली नाही. पुन्हा असलं काही पाठवलंस तर मी तिला ऐकवणार नाही.’ दुसऱ्या कॅसेटपासून मी हसायला लागले.

आता हसायला काही कारण हवं. माझ्या वॉर्डातली एक म्हातारी सारखं दीसा, दीसा म्हणायची. तिचं माहेर. पाणी आहे आणि खजुरी आहेत, एवढंच मला कळलं, कारण माझं अरबी तेव्हा ‘कुठे दुखतंय’ आणि ‘पोट साफ झालं का’ यापुढे गेलं नव्हतं. आजही गेलेलं नाही. तेवढ्या दोन शब्दांवर मंदा सिस्टरने, म्हणजे त्या वेळच्या मी, आख्खी दरी उभी केली. दर शुक्रवारी आमची सहल. मोठी नदी. नदीत होडी. होडी वल्हवणारी खदीजा नावाची बाई, जी आम्हाला गाणी म्हणून दाखवते. मधोमध चौथऱ्यासारखा एक सपाट खडक, त्यावर बसून आम्ही दहा जणी डबे खातो. झाडांवर माकडं. बाईकडे कल्पनाशक्ती म्हणाल तर चिमूटभर नव्हती. तिने दाभोळची खाडी उचलली, काठावर चार उंट बांधले आणि म्हणाली, हे घ्या सौदी. आणि हे सगळं पांघरुणात डोकं घालून कुजबुजत, कारण शेजारच्या कॉटवरची अन्नम्मा रात्रपाळी करून झोपलेली असायची. अन्नम्माला मराठी येत नव्हतं, तरी एकदा ती उशीतून म्हणाली, “मंदा, यू आर टेलिंग लाइज.” आवाजावरून कळतं म्हणे.

वैशू आता शेहेचाळीसची आहे. वीस वर्षं सौदीतच, दम्माममध्ये, तिथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकवते. जावई तेलाच्या कामांवर असतात. नात तन्वी पंधराची. मी दर हिवाळ्यात व्हिजिट व्हिसावर जाते, लोणची देते, औषधं घेते, परत येते. कॅसेटचा विषय आमच्यात कधी निघाला नाही. मला वाटलं, पोरांना कुठे आठवतंय.

या खेपेला तिने फोन माझ्या नाकासमोर धरला.

“आई, ओळख बघू.”

तांबडे डोंगर होते. “सुंदर आहे. कुठलं?”

“कुठलं काय! तुझी दरी! दीसा! तिकिटं काढलीत मी. तू, मी आणि तन्वी.” चष्मा कपाळावर, केस पिकलेले, आणि डोळे पाच वर्षांच्या पोरीचे. “मावशीकडे झोपताना मी रोज जायचे तिथे. कॅसेट लावायची आणि जायचं. आता तू मला घेऊन जा.”

तिच्या त्या सहा वर्षांत मी दिलेली एकच गोष्ट तिला पुरली होती आणि ती खोटी होती. सांगावं तर ती हातची जाणार. न सांगावं तर दरी स्वतःच सांगणार. शहाणी बाई तिथल्या तिथे, दम्माममध्ये, सोफ्यावर बसून बोलली असती.

मी म्हटलं, “थंडी असते हां तिथे. स्वेटर घ्या.”

तबूक

विमानतळावर वाटाडी आमच्या नावाची पाटी घेऊन उभी होती. वाटाडी म्हणतेय, चूक नाही. नूरा, सव्वीस वर्षांची, डोक्यावर काळा रुमाल घट्ट, पायात चिखलाचे बूट. आमच्या बॅगा तिने पिकअपच्या हौद्यात फेकल्या आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. माझ्या वेळी या गावात बाईने गाडी चालवणं हा विनोद करण्याचाही विषय नव्हता. मी तिच्याकडे सासूने नव्या सुनेकडे बघावं तशी बघत राहिले, काही चुकतं का म्हणून. काही चुकलं नाही.

शेजारी तिचे वडील अबू नासिर. दाढी पांढरी, गुडघे माझ्यासारखेच. सहलीचा स्वयंपाक त्यांचा आणि दरीची माहितीही त्यांची, कारण जन्म तिथलाच. तबूकच्या शेतांवर आपल्याकडच्या कामगारांबरोबर वर्षानुवर्षं राबल्यामुळे त्यांना हिंदी येत होतं, म्हणजे क्रियापदं सोडून बाकी सगळं. मी माझं अरबी दाखवावं म्हणून विचारलं, कुठे दुखतंय? ते गुडघ्यावर हात मारून म्हणाले, “इधर. तुम डॉक्टर?”

“सिस्टर. चालीस साल पहले, तबूक में.”

“माशाल्ला!” त्यांनी नूराला काहीतरी सांगितलं, आणि ती आरशातून माझ्याकडे बघत इंग्रजीत म्हणाली, “खाला, वैशालीने ई-मेलमध्ये लिहिलं होतं तुम्ही दीसाला नेहमी यायचात. बाबा फार खूश आहेत. जुनं दीसा आठवणारं माणूस त्यांना आता भेटतच नाही.”

खाला म्हणजे मावशी. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

निघण्यापूर्वी नूराने रस्त्याकडेला गाडी थांबवून नियम सांगितले. पाणी आत जाणार नाही अशा पिशव्या प्रत्येकाला एक. प्रत्येकाला काठी. पाण्यात आधी काठी, मग पाय. नेलेला कचरा परत आणायचा. आणि आभाळ भरलं की बोलणं अर्धवट टाकून वर चढायचं. पाऊस लांब कुठेतरी पडतो आणि पाणी इथे येतं, आवाज ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. “प्रश्न?” ती म्हणाली.

तन्वीने हात वर केला. “व्हेअर आर द मंकीज़?”

“माकडं?” नूरा हसली. “ती खूप दक्षिणेला. इथे नाहीत.”

“आजी?” तन्वीने माझ्याकडे पाहिलं.

“गेली असतील,” मी म्हटलं.

“गेली मतलब? व्हेअर?”

“दक्षिणेला. ऐकलंस ना आत्ता?”

वैशू हसली. तिला ते फार आवडलं, माकडांनी बिऱ्हाड हलवलं हे.

दरीच्या तोंडाशी

वाळूत पिकअप तास-दीड तास उड्या मारत होती आणि मग एकाएकी समोर भिंती उभ्या राहिल्या. आपल्याकडच्या सह्याद्रीचे कडे काळे, हिरवळीने मढवलेले, ओळखीचे वाटतात. हे कडे कुणाचे ओळखीचे वाटत नाहीत. हजार वर्षं वाऱ्याने खरवडलेले, काही ठिकाणी वितळलेल्या मेणबत्तीसारखे ओघळलेले. त्यांच्या तळाशी एवढंसं हिरवं. मी पाहिलं आणि पहिल्यांदा मला मंदा सिस्टरची लाज वाटली ती खोटेपणासाठी नव्हे, दरिद्रीपणासाठी. एवढं मोठं प्रकरण तीन तासांवर होतं आणि बाईने पोरीला काय दाखवलं? माकडं.

तंबू पाण्यापासून वर, एका उंचवट्यावर लावले. अबू नासिरनी कणीक मळली, निखारे बाजूला केले, जाड गोळा थापून थेट गरम राखेत पुरला आणि वर राख लोटली. पंधरा मिनिटांनी उकरून काढला, काठीने बडवला, फडक्याने झटकला. ती जाड भाकरी तोडून तुपात आणि खजुरात कालवून खायची. आमच्याकडे पानग्याला निदान केळीचं पान असतं. इथे राखेचा आणि पिठाचा थेट संबंध, तरी दाताखाली कचकच नाही. मी बरोबर तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. अबू नासिरनी चार खाल्ल्या आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणाले, “अच्छा. बहुत गुस्सा वाला रोटी.”

वैशू जेवली नाही फारसं. ती काठाने फिरत होती. मधूनच हाक.

“आई, हा का तो खडक? डबे खायचात तो?”

“असेल.”

“पण हा सपाट नाहीये.”

“वाळू साचलीय गं. चाळीस वर्षांत दगडही बदलतात.”

“तू दोन्ही पाय पाण्यात सोडून बसायचीस ना?”

“मग.”

तिने बूट काढले, त्या वाकड्यातिकड्या दगडावर कशीबशी टेकली आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. पाणी घोट्यापर्यंत आलं. ती तशीच बसून राहिली, चेहऱ्यावर ऊन घेत. त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी पुऱ्यांचा डबा नीट बंद होतो का ते बघत बसले.

पाण्यातून

दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला लागलो. वाट नाहीच, पाणी हीच वाट. कुठे घोटाभर, कुठे पोटरीभर, नितळ, तळाचे खडे मोजावेत असं. दोन्ही बाजूंनी बोरू अंगावर येतो, हातांनी सारत पुढे जायचं. सकाळचं ऊन कड्याच्या फक्त माथ्यावर होतं, खाली गार निळी सावली, आणि एक लांब पायांचा पक्षी आमच्यापुढे वीस पावलं उडायचा, बसायचा, आम्ही आलो की पुन्हा उडायचा. जणू त्यालाच वाटाड्या नेमला होता.

नवव्या की दहाव्या वळणावर मी आधी पाय टाकला, मग काठी. बसकण मारली ती थेट पाण्यात. पाठीवरची पिशवी पाणी आत न येणारी होती, पण मी तोंड बांधलंच नव्हतं. पुऱ्यांचा लगदा झाला. तन्वी हसून हसून वाकली. वैशूने मला काखेत हात घालून उठवलं आणि उठवता उठवता म्हणाली, “होडीत तरी कशी चढायचीस गं तू?”

ती सहज म्हणाली. पण म्हटल्यावर तिथेच उभी राहिली. पाण्याकडे बघितलं. हातातली काठी तिने सरळ पाण्यात उभी धरली आणि ओल कुठपर्यंत आली ते बघितलं. पुढे चालताना ती दर थोड्या वेळाने काठी तशी उभी धरायची. मी मागून बघत होते. शाळेतली बाई आहे ती, उत्तर चुकलं की आधी पुन्हा मांडून बघते.

दुपारी झऱ्याच्या उगमाशी थांबलो. खडकाच्या फटीतून पाणी येत होतं, आवाज न करता. अबू नासिरनी चूल पेटवली, वेलचीचा कहवा केला, छोट्या कपांत ओतला. तन्वीने खजूर तोंडात टाकत विचारलं, “अंकल, पहले यहाँ पानी ज़्यादा था ना? आजी लोग बोट में घूमते थे.”

अबू नासिरांचा हात थांबला. “बोट?”

“हाँ. खदीजा करके कोई आंटी थी, वो चलाती थी. हॉस्पिटल की सब सिस्टर्स आती थीं, हर फ्रायडे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या कपाकडे. म्हाताऱ्या माणसाला म्हाताऱ्या माणसाचं लगेच कळतं. त्यांच्यात पाहुण्याला त्याच्या तोंडावर खोटं पाडत नाहीत, मग पाहुणा काहीही बोलो. हे मला वॉर्डातल्या म्हाताऱ्यांवरून ठाऊक होतं. मी औषध कडू नाही म्हणायचे आणि त्या नाही म्हणायच्या नाहीत.

“अल्लाहु आलम,” ते म्हणाले. देव जाणे. आणि मला वाचवण्यासाठी वर जोडलं, “हम उस टाइम बहुत छोटा था.”

वैशूने कप खाली ठेवला. “अंकल, आपकी उमर?”

माणूस मुळात खरा. खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे एकामागोमाग दोन जमेनात. “सत्तर,” म्हणाले आणि तांब्या घेऊन हातपाय धुवायला उठले, नमाजाची वेळ झाली म्हणून. अजून झाली नव्हती.

नूराला यातलं काहीच कळलं नव्हतं. ती उत्साहाने वैशूला सांगू लागली, “इथे गाडी यायला लागली तीच मुळी मी शाळेत असताना. त्याआधी तबूकला जायचं तर माझी आजी उंटावरून जायची, तीन दिवस लागायचे. खाला कशा यायच्या? हेलिकॉप्टरने?” आणि हसली. मग आमचे चेहरे बघून हसायची थांबली.

“आई,” वैशू मराठीत म्हणाली.

“हं.”

“किती वेळा आली होतीस तू इथे?”

पाण्याला आवाज असता तर बरं झालं असतं.

“ही पहिलीच,” मी म्हटलं.

“आणि होडी?”

“आपल्या खाडीतल्या तरीवरची. दाभोळची.”

“खदीजा?”

“कुणी नाही.”

तन्वी आधी हसली. “आजी! यू आर टू मच! मतलब सब फेक?” ती मागे आडवीच झाली. आणि मग वैशूही हसायला लागली. डोळे पुसत, माझ्या खांद्यावर हात मारत, “माकडं गं! माकडं दक्षिणेला गेली!” मीही हसले. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. मनात म्हटलं, मंदा, चाळीस वर्षं उगाच घाबरलीस, बघ किती सोपं होतं. तिला सगळं सांगून टाकलं मी त्या हसण्याच्या भरात. पहिली कॅसेट, मावशीचं पत्र, पांघरूण, अन्नम्मा.

वैशूचं हसणं कधी थांबलं ते माझ्या लक्षात आलं नाही. ती खजुराची बी हातात फिरवत होती.

“चौथीत असताना मी महिनाभर बोलले नव्हते,” ती म्हणाली. “कुणाशीच. एक शब्द नाही. माहीत आहे तुला?”

“नाही.”

“मावशी घाबरली. तुला तार करणार होती, असशील तशी निघून ये म्हणून. मजकूर लिहून गुरुजींकडून तपासूनसुद्धा आणला होता. मी पाटीवर लिहून दाखवलं, नको.”

“का?”

“का म्हणजे? तू एवढी आनंदात होतीस. मला वाटलं, माझ्या एकटीच्या न बोलण्यासाठी आईचं सगळं कशाला मोडायचं.”

नूरा कप गोळा करत होती, मराठी कळत नसूनही आवाज न करता. तन्वी उठून बसली होती.

“मी आले असते गं,” मी म्हटलं. “त्याच दिवशी निघाले असते.”

“माहीत आहे,” वैशू म्हणाली. “आत्ता माहीत झालं.”

“पण का बोलत नव्हतीस? काय झालं होतं?”

तिने बी पाण्यात टाकायला हात उचलला. मग नियम आठवला असावा, खिशात ठेवली. “आता काय करायचंय?” ती म्हणाली आणि बूट घालायला लागली.

वाचकहो, तिथलं वर्णन अजून बरंच करता येईल. संध्याकाळी ते कडे आधी केशरी होतात, मग अंगार, मग कुणीतरी फुंकर घातल्यासारखे एकदम राखाडी. मी हे सगळं पाहिलं, डोळे उघडे होते म्हणून. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की पोरीने रडू नये म्हणून मी खोटं बोलले, आणि पोर रडली नाही. ती खरंच रडली नाही. ती बोलायचीच बंद झाली, आणि मी दर महिन्याला वेळेवर कॅसेट पाठवून तिला सांगत राहिले की मला बोलावू नकोस, मी मजेत आहे.

परतीची वाट

तिसऱ्या दिवशी त्याच पाण्यातून उलटं यायचं होतं. वैशू रागावली असती तर चाललं असतं. मला रागावलेली माणसं सांभाळता येतात, आयुष्य त्यात गेलं. ती रागावली नव्हती. प्रत्येक खोल जागी मागे वळून हात द्यायची. पट्टा सैल झालाय का बघायची. रक्तदाबाची गोळी घेतलीस का, विचारायची. मी वॉर्डात दहाव्या नंबरच्या पेशंटशी जशी वागायचे तशी. चोख. त्यात कुठे बोट ठेवायला जागा नाही आणि आत शिरायलाही नाही.

एका वळणावर मी म्हटलं, “वैशू, काहीतरी बोल.”

“काय बोलू?”

“काहीही. शिव्या दे.”

“आई, पुढे निसरडं आहे. आधी काठी.”

अबू नासिर मुद्दाम मागे रेंगाळले आणि माझ्या बरोबरीने चालू लागले. दोघांचे गुडघे आळीपाळीने कुरकुरत होते.

“सिस्टर, हम गलती किया. ‘छोटा था’ नहीं बोलना था.”

“आपने तो बचाने के लिए बोला.”

“हाँ. बचाया नहीं.” त्यांनी पुढे चाललेल्या वैशूकडे पाहिलं. “लड़की बहुत दुखता?”

माझ्याकडे याचं अरबी होतं, उभ्या आयुष्यात पाठ झालेल्या दोन वाक्यांतलं एक, पण ते प्रश्नाचं होतं. उत्तराचं मी कधी शिकलेच नव्हते. मी नुसती मान हलवली.

दरीबाहेर पिकअपपाशी कचऱ्याच्या पिशव्या बांधल्या, ओले बूट उलटे करून हौद्यात ठेवले. तन्वी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “आजी, मम्मा इज़ नॉट टॉकिंग टु मी आल्सो.” मी तिला म्हटलं, थकलीय ती. लगेच जीभ चावली. काय सवय असते पाहा, पोरीच्या पोरीलाही मी तेच पाजत होते. “थकलेली नाहीये,” मी म्हटलं. “माझ्यामुळे दुखावलीय. तू तिच्याजवळ बस.” ती जाऊन बसली.

विमान संध्याकाळचं होतं. तबूक जवळ आलं तेव्हा वैशूने तीन तासांत पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही नूराशी. जुनं सरकारी इस्पितळ कुठे आहे विचारलं. नूराने अबू नासिरना विचारलं. इस्पितळ केव्हाच नव्या इमारतीत गेलं होतं, पण मागचं नर्सेसचं हॉस्टेल अजून उभं होतं, रिकामं, पाडायचं म्हणून पत्रे लावलेलं. नूराने गाडी त्या पत्र्यांसमोर उभी केली. इमारत मला आठवत होती त्याहून बुटकी निघाली. भुरकट रंग, गंजलेले एसीचे खोके, गेटला साखळी.

वैशूने काच खाली केली.

“कुठली खिडकी तुझी?”

“दुसरा मजला. डावीकडून चौथी.”

“समोर काय दिसायचं?”

“इस्पितळाचा धोबीखाना. वाळत घातलेल्या चादरी.”

“आणि शुक्रवारी?”

“शुक्रवारी धोबीखाना बंद. नुसत्या दोऱ्या.”

“मग काय करायचीस?”

मला काहीतरी चांगलं आठवायचं होतं. देवाशपथ, मी शोधलं. “झोपायचे,” मी म्हटलं. “डोकं धुवायचे. युनिफॉर्मला इस्त्री करायचे. संध्याकाळी अन्नम्मा भात करायची तो खायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या ड्यूटीची वाट बघायचे.”

“बस्स?”

“बस्स.”

ती त्या खिडकीकडे बघत राहिली. काच फुटलेली होती, आत काळोख.

“हे सांगायचंस ना गं,” वैशू म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. “मी रोज त्या तुझ्या दरीत यायचे आणि तुला शोधायचे. इतकी गर्दी, इतकी गंमत. तू मला एकदाही सापडली नाहीस. इथे सापडली असतीस.”

मी तिच्या हाताकडे हात नेला. तिचा दाराच्या कडीवर होता, तिथेच राहिला.

पुढून नूराने घड्याळ बघत, निघायचं का म्हणून विचारलं, “यल्ला?”

“यल्ला,” वैशू म्हणाली.

गाडी निघाली. मी समोर बघत होते. ती मान वळवून मागे बघत होती, वळण येईपर्यंत.